रुक्मी व्हायचे की कण्व?

'पळून जाऊन लग्न' हे शब्द आपल्या जुन्या घरांत अजूनही दबक्या आवाजात उच्चारले जातात. पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत स्थिरावलेल्या पूर्वजांनी भाषा राखली, कुळाचार राखले आणि हा धाकही राखला. आता नवी पिढी म्हणते, मंगल कार्यालय नको, हजार पानांची पंगत नको. चार माणसांसह रानात, धबधब्याकाठी लग्न करू. अमेरिकेत योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानात अशा विवाहाला रीतसर परवाना मिळतो. आपल्याकडे मात्र नुसता विषय निघताच वडीलधारी मंडळी संस्कृतीचा हवाला देतात. कोणत्या संस्कृतीचा, एवढेच मला विचारायचे आहे.

मुलीचे लग्न लवकर जुळावे म्हणून आपण एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'चे पारायण करवतो. त्या पोथीची नायिका करते काय? भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारून ती कृष्णाला पत्र धाडते. भागवतातले ते पत्र म्हणजे काटेकोर आखलेला बेत आहे. अंतःपुरातून नेल्यास आप्तांचे रक्त सांडेल. म्हणून विवाहाच्या आदल्या दिवशी नगराबाहेरच्या देवीच्या दर्शनाची वेळ ती स्वतः सुचवते. त्या कौंडिण्यपुराजवळून वाहणारी वर्धाच पुढे आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची सीमा होते. महानुभाव कवी नरेंद्राने आणि नाथांनी या कथेला 'हरण' नव्हे, 'स्वयंवर' म्हटले. आपण मात्र लेकीच्या हाती ती पोथी देतो आणि स्वतः तिच्या भावाची, रुक्मीची, भूमिका वठवतो.

तथापि तरुणांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. आपल्या जिल्ह्यातील कुंतला धबधब्याचे नाव लोकपरंपरा शकुंतलेशी जोडते. रानातल्या विवाहाची आद्य नायिका तीच. पण तिच्या गांधर्व विवाहाला साक्षीदार नव्हता. कालिदासाच्या नाटकात राजा भर दरबारात तिला ओळखत नाही, तेव्हा पुराव्याची अंगठी पाण्यात हरवलेली असते. धबधब्याकाठी काढलेले छायाचित्रही त्या अंगठीहून भक्कम नाही.

तेव्हा बेत आखायचा तो कायद्यापासून. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य, लेखी नोटीस, आक्षेपांसाठी आणखी 30 दिवस आणि तीन साक्षीदार लागतात. विवाह कचेरीतच व्हावा असे नाही. जादा शुल्क भरल्यास वाजवी अंतरावरील अन्य स्थळीही लागू शकतो. हिंदू विवाह कायद्याखाली मात्र विधी न करता मिळवलेला नोंदणीचा दाखला म्हणजे विवाह नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बजावले आहे.

आणि वन म्हणजे फुकटचा मांडव नव्हे. कवाल 2012 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. 1972 चा वन्यजीव कायदा अभयारण्यात प्रवेशाची परवानगी देतो ती अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, पर्यटन आणि तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार यांसाठी. विवाहाचा त्यात उल्लेख नाही. वनास धोका होईल असा अग्नी पेटवण्यास तर मनाईच आहे. ज्या वाघासाठी रामपूर व मैसंपेटच्या आदिवासींनी घरदार सोडले, त्याच्या दारात आपण हौसेखातर होम आणि ध्वनिक्षेपक न्यावेत काय? लग्न वनाबाहेर लावावे. वनात पाहुणे म्हणून जावे.

परंतु जिला जिवाच्या भीतीनेच घर सोडावे लागते, तिला धबधबा नको असतो, सुरक्षित छप्पर हवे असते. सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची संमती आवश्यक नाही, हे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवासाची सोय करण्यासही राज्यांना सांगावे लागले. मुलींना न्यायालयाचे छप्पर शोधावे लागते, कारण घराचे छप्पर आपण काढून घेतलेले असते. संस्कृतीची लाज वाटायची तर ती येथे वाटावी.

कण्व तीर्थयात्रेहून परतला, तेव्हा सारे घडून गेले होते. तो संतापला नाही. लेकीची निवड त्याने मान्य केली, आशीर्वाद देऊन पाठवणी केली. साक्षीदार होण्याची वेळ मात्र त्याच्या हातून निसटली होती. आपल्या हातून अजून निसटलेली नाही. कायद्याला तीन साक्षीदार हवेत. ते घरातूनच निघाले, तर कोणाच्याही लेकीला पळावे लागणार नाही.