कण्यातील अरुंद वाट

निपाणीच्या बाजाराला निघालेले घरातील वडीलधारे वाटेत वारंवार थांबतात, पाय जड होतात, पुढे वाकून बसताच बरे वाटते. याला निव्वळ म्हातारपण समजू नये. कमरेच्या मणक्यांतील पोकळी अरुंद होऊन मज्जातंतू दाबले जात असण्याचा संभव असतो. डच शल्यवैद्य हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली या विकाराचे वर्णन केले. एम.आर.आय.च्या एका प्रकारच्या चित्रात कण्यातील द्रव पांढरा व तंतू काळ्या धाग्यांसारखे दिसतात. अडथळ्याच्या वर ते कधी नागमोडी झालेले आढळतात. तथापि वेदना नसलेल्या वृद्धांतही अशी अरुंदता सापडते. म्हणून केवळ चित्र पाहून शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकू नये. लक्षणे व चित्र जुळतात काय, हे वैद्यांस विचारावे. मात्र लघवी तुंबली वा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी बेळगावचे मोठे रुग्णालय गाठावे.