पिकाचा फोटो निघतो, ओढ्याचा का नाही?

श्रावण लागला की पिंपरी-चिंचवडचे कॅमेरे मावळाकडे पळतात. पवना धरणाचा काठ, लोणावळ्याचे धुके, भातखाचरे. मोशी-चाकण रस्त्याला मात्र निसर्गचित्र मिळेल असे कुणाला वाटत नाही, कारण हिरव्या रानाच्या मागे पत्र्याची शेड येते आणि फ्रेम बिघडते. ऋतूंच्या छायाचित्रणाची खरी गरज या बिघडलेल्या फ्रेमलाच आहे. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्याच्या आसपास जेमतेम सातशेच्या घरात. पण इंद्रायणी तिकडूनच येते. त्यामुळे चिखली-मोशीत नुसती भुरभुर असतानाही नदी काठ सोडू शकते. इथला पावसाळा आभाळापेक्षा जमिनीवर जास्त दिसतो, आणि नेमक्या त्या जमिनीचे फोटो कुणी काढत नाही.

खरे तर सरकारने असे छायाचित्रण अर्धेमुर्धे सुरू केलेलेच आहे. ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी चालते. शेतकरी रानात उभा राहून मोबाइलवर गट नंबर निवडतो, पीक आणि क्षेत्र भरतो, उभ्या सोयाबीनचा किंवा कांद्याचा फोटो काढतो. अक्षांश-रेखांशासह ती नोंद सातबाऱ्यापर्यंत पोचते. खरीप, रब्बी, उन्हाळी, दर हंगामात. (रेंज आणि सर्व्हरची रड आहेच, ती खोटी नाही.) पण फोटो पिकाचा, बांधापलीकडच्या ओढ्याचा नाही. शिवाय जमीन अकृषक झाली की पीक पाहणीचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या शिवारात मुरमाचा भराव पडून उतार बदलतो, ओढा वळतो, तेव्हाच कॅमेरा बंद झालेला असतो.

याची किंमत काय, ते मे 2025 मध्ये चिखलीत दिसले. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले महापालिकेने पाडले. पूररेषा नकाशावर असते. प्लॉट पाहायला जानेवारीत आलेल्या माणसाला दिसते ती कोरडी, सपाट जागा. त्याच ठिकाणाहून जुलैत काढलेला फोटो त्याच्यासमोर असता, तर रेषेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसता. उपग्रहचित्रे असताना हा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. साध्या उपग्रहचित्रात ऐन पावसाळ्यात ढगच दिसतात, आणि मोरीच्या तोंडाशी किती गाळ साचलाय हे वरून कळत नाही. फोटोही खोटे बोलतो, हा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोन बदलला की नाला नदीएवढा दिसतो. म्हणून जागा दगड रोवून ठरवावी, उंची आणि वेळ तीच ठेवावी, आणि मे, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी असे चार फोटो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. बांधकाम परवानगीच्या कागदांत ते आधीच्या दोन वर्षांचे मागावेत. पाण्याचा फोटो लागला तर जमिनीचा भाव पडेल, अशी धास्ती गावात असणारच. ती रास्तही आहे, कारण विकणारा शेतकरी एकदाच विकतो. पण भाव पडेल तो ओढ्यालगतच्या पट्ट्याचा. वरच्या, निचऱ्याच्या रानाला त्याच फोटोने दोन पैसे जास्तच मिळतील.