माळाला उघडा म्हणणाऱ्यांना

मंडळी, पावसाळा आला की आमच्या लातूर-नांदेडकडे एक साथ येते. वृक्षारोपणाची! कुदळ, टोप्या, फोटो... आणि खड्डे कुठे? तर माळावर. का? तर म्हणे माळ उघडा पडलाय.

जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ शिकवले, म्हणून विचारतो. जिथे पवन्या, मारवेल, कुसळी उगवते, तरवड-बोराटी वाढते, चंडोल अंडी घालतो, खोकड बीळ करते, ती जमीन उघडी कशी? पण दप्तरात ती 'पडीक'. एकदा पडीक म्हटले की कुणीही काहीही करायला मोकळा!

२०१६ ते २०१९ या काळात राज्याने वृक्षलागवडीची मोहीम काढली. उद्दिष्ट आधी २ कोटी, मग ४, मग १३, मग ३३ कोटी. झाडांशी माझे वैर नाही. शाळेत लावा, रस्त्याकडेला लावा. पण माळावर गिरिपुष्प लावण्यात कसले पुण्य? हे झाड मूळचे मध्य अमेरिकेचे. गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते जगते आणि आकडा पुरा होतो. त्याच्या दाट सावलीत गवत मात्र मरते. म्हणजे चाराही गेला आणि माती धरून ठेवणारी मुळेही गेली.

चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथचे बेट पाहा. पाण्यातले नव्हे, सपाट रानातला डोंगर आहे तो. औषधी वनस्पतींसाठी त्याची ख्याती. उत्तरा नक्षत्रात लोक मुद्दाम तिथे जातात. ते वैभव कुणी खड्डे खणून लावलेले नाही. त्याला जपायचे आहे ते आपल्याच हातांपासून. पाला घ्या, पण रोप मुळासकट उपटू नका!

सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. म्हणजे माळही राखायचा असतो, हे सरकारला तेव्हाच ठाऊक होते. आज तिथे माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. माळ तुकड्यातुकड्याने गेला की त्यावर जगणाराही जातो.

करायचे काय? चराई आळीपाळीने बंद ठेवा. वणवा आवरा. बाहेरून आलेली झुडपे काढा. बी झडल्यावरच गवत कापा. यात ना उद्घाटन, ना फलक. म्हणूनच हे कुणाला नको असते!

पुढच्या ग्रामसभेत माळावर झाडे लावायचा विषय निघाला, तर एकाने तरी उठून विचारावे, "तिथे आज काय उगवते, ते कुणी जाऊन पाहिलेय का?"

असो. पटले तर विचारा.