नवा तांदूळ आणि नवी गाडी

गेल्या आठवड्यात मडगावहून भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी बुक करतोय. पूर्ण नवीन रूपात आलीय, बाजारात येऊन महिना झाला नाही अजून. चवथीच्या आधी मिळेल म्हणतात. करू ना?"

'करू ना' असं भाचा विचारतो तेव्हा त्याचं ठरलेलं असतं, मामानं फक्त 'हो' म्हणायचं असतं. पण मी म्हटलं, "पुढचा पावसाळा जाऊ दे, मग घे." पलीकडे शांतता पसरली. मग बहिणीनं फोन घेतला आणि म्हणाली, "तू ना, सगळ्यात मोडता घालतोस. शेजाऱ्यांनी कालच आणली तीच गाडी. मंगेशीला नेऊन नारळसुद्धा फोडून आले."

असो. बहिणीला फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. गोव्यात गाडी ही आता चैन राहिलेली नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या शंभरातल्या सुमारे पंचेचाळीस घरांत मोटार असल्याचं दिसलं, देशात सगळ्यात जास्त. त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या बहुतेक वाचकांच्या घरात येणारच आहे.

आमच्या आईच्या एका सवयीपासून सुरुवात करतो. चवथीच्या दुसऱ्या दिवशी पंचमीला आमच्याकडे नवें होतं. शेतातली नवी कणसं आणायची, त्यांची पूजा करायची, आंब्याच्या पानांबरोबर दारावर बांधायची. नव्या धान्याचा एवढा मान! पण त्याच नव्या भाताचे तांदूळ करून आले की आई ते लगेच रोजच्या भाताला घेत नसे. नवा तांदूळ चिकट होतो, पाण्याचा अंदाज चुकतो, पचायला जड. आजारी माणसाच्या पेजेला तर जुनाच हवा. वर्षभर मुरला की मग तो ताटात. नव्याचा मान करायचा, पण आजाऱ्याचं पोट त्याच्या भरवशावर सोडायचं नाही, एवढी साधी समज त्यात होती. गाडीच्या बाबतीत मी हे विसरलो आणि त्याचा त्रास आईलाच झाला.

२०१३ ची गोष्ट. आम्ही डिचोलीला राहत होतो. आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली होती आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी बांबोळीला न्यावं लागे. जुनी गाडी कुरकुरायला लागली होती, म्हणून नवी घेतली. नावाजलेलं मॉडेल, नुकतंच नखशिखांत बदललेलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण सांगायचा मुद्दा कंपनीचा नाही. मागची सीट उंच, दार रुंद उघडायचं, आईला बसायला सोपं. सात महिने सगळं छान चाललं.

आठव्या महिन्यात, भर जूनमध्ये, पर्वरीच्या चढावर समोरच्या काट्यांत एक पिवळा दिवा लागला आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. विजेवर चालणारं स्टिअरिंग होतं ते. कशीबशी गाडी बाजूला घेतली. आई मागे बसलेली, बाहेर पाऊस कोसळतोय. टॅक्सी मिळेपर्यंत दीड तास गेला, तोवर तिची पाळी हुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी घेतो म्हणाले. ती रात्र आईनं उशांना टेकून, बसून काढली. आडवी झाली की श्वास लागे. मी पलंगाशी स्टूल घेऊन बसलो होतो. त्या रात्रीचा हिशेब मला कुठल्याच बिलात मांडता आला नाही.

पुढे गाडी तेवीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती. जो भाग हवा होता तो गोव्यात नव्हता. मॉडेल नवीन, त्यामुळे तो भाग अजून कुठल्या दुकानात येऊन पडलाच नव्हता. आमच्या नेहमीच्या मेस्तानं हात वर केले, "भाऊ, हे आम्ही अजून उघडून बघितलेलं नाही." त्या तेवीस दिवसांत आईला बांबोळीला कोणी नेलं? शेजाऱ्यांच्या गाडीनं. तीच गाडी, पण आधीच्या रूपातली, नऊ वर्षं जुनी. तिचा कुठलाही भाग म्हापशाच्या दुकानात हात घातला की मिळायचा.

वर्षभरानं सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा तिथला मुलगा मोठ्या उत्साहानं म्हणाला, "आता नवीन गाड्यांत तो प्रॉब्लेम नाही सर, कंपनीनं तो भाग बदलला." म्हणजे कंपनीला कळलं. कसं कळलं, तर माझ्यासारख्यांच्या गाड्या रस्त्यात थांबल्या म्हणून.

माझ्या एका अनुभवावर कोणी निर्णय घेऊ नये. पण हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. नवी गाडी बाजारात आणण्यापूर्वी कंपन्या तिची कसून चाचणी घेतात यात शंका नाही. पण चाचणीच्या गाड्या मोजक्या, त्या चालवणारे कंपनीचेच कसलेले चालक. पहिल्या वर्षात मात्र हजारो गाड्या हजारो तऱ्हांनी वापरल्या जातात. कोणी रोज चोडणच्या फेरीबोटीवर चढवतो-उतरवतो आणि उताराच्या टोकाला पुढचा बंपर घासतो. कोणाची गाडी कळंगुटला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात बारा महिने उघड्यावर उभी असते. कोणी ती फणसाखाली लावतो, मग पानं अडकून सनरूफचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात आणि पाणी आत झिरपतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात दारांची रबरं आणि वायरींचे जोड काय लायकीचे आहेत ते एका पावसाळ्यात कळतं. शिवाय कारखान्यात साचे नवे, सुटे भाग पुरवणारे कधीकधी नवे, जोडणी करणाऱ्या कामगारांचा हात बसायचा असतो. वर्कशॉपमधल्या माणसांनाही ती गाडी नवीनच.

याचे दाखले जाहीर नोंदीत आहेत. टाटांची इंडिका १९९८ च्या अखेरीस आली तेव्हा लोकांनी लाखाच्या वर नोंदण्या केल्या. पहिल्या ग्राहकांच्या तक्रारीही तशाच भरपूर आल्या. कंपनीनं त्या मनावर घेतल्या, बऱ्याच सुधारणा केल्या आणि २००१ मध्ये इंडिका व्ही-टू आणली. तीच पुढे वर्षानुवर्षं टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली. गाडी चांगलीच होती, पण ती चांगली होईपर्यंतचा काळ पहिल्या ग्राहकांनी सोसला. मारुतीची बलेनो ऑक्टोबर २०१५ मध्ये आली आणि मे २०१६ मध्ये एअरबॅगच्या नियंत्रकाचं सॉफ्टवेअर बदलण्यासाठी ७५,४१९ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जाहीर करून, फुकट दुरुस्ती करून दिली हे कंपनीच्या बाजूनं म्हणायला हवं. पण तोवर ग्राहक तशाच गाड्या चालवत होते.

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हताच. अँबेसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४ मध्ये बंद होईपर्यंत तिचा तोंडवळा फारसा बदललाच नाही. गाडी खडखडायची, पण कुठे खडखडते ते तिठ्यावरच्या पोरालाही माहीत असे. आता पाच-सात वर्षांनी आख्खी गाडी बदलते, मध्ये एकदा तोंड रंगवतात. स्टिअरिंगपासून ब्रेकपर्यंत सगळीकडे संगणक बसलाय. पूर्वी बिघाड कानांना कळायचा, आता वर्कशॉपमधल्या स्कॅनरला विचारावा लागतो.

तर मग नवं कधी घेऊच नये का? असं मी म्हणत नाही. इथे दुसरी बाजूही बघायला हवी, आणि ती हलकी नाही. कधीकधी नवं रूप जुन्यापेक्षा खरोखर सुरक्षित असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, आधीच्या डिझायरला दोन मिळाले होते. अशा वेळी 'मुरलेली बरी' म्हणून कोणी शोरूममधली शिल्लक जुनी उचलली, तर सवलतीच्या पैशांपेक्षा मोठी गोष्ट तो सोडतोय. शिवाय त्या डिझायरमधलं इंजिन अगदी कोरं नव्हतं. तेच इंजिन मे २०२४ च्या नव्या स्विफ्टमधून सहा महिने आधी रस्त्यावर आलं होतं.

मला वाटतं खरी मेख इथे आहे. 'नवीन मॉडेल' या दोन शब्दांत काय काय नवीन आहे ते आधी वेगळं करावं. दिवे, जाळी, बंपर, सीटचं कापड एवढंच बदललं असेल तर पहिल्याच महिन्यात खुशाल घ्या, ती जुनीच गाडी आहे, फक्त चवथीचे कपडे घातलेत. इंजिन आणि गिअरबॉक्स कंपनीच्या दुसऱ्या गाडीतून आलेले असतील तर सहा महिने थांबणं पुरे. पण सांगाडा नवा, इंजिन नवं, गिअरबॉक्स नवा, पडदे आणि सॉफ्टवेअर नवं असं सगळं एकदम असेल, तर आपल्या भागातला एक पूर्ण पावसाळा त्या गाडीनं दुसऱ्याकडे काढलेला बघावा. मग अशा गाडीच्या दोन-तीन मालकांशी बोलावं. सर्व्हिस सेंटरच्या फाटकाशी अर्धा तास उभं राहिलं तर जे कळतं ते शोरूममध्ये कधी कळत नाही.

एक वर्ष थांबलं की सगळं निर्धोक, असंही नाही. महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही २०२१ मध्ये आली आणि इंजिनाजवळच्या वायरिंगच्या तपासणीसाठी १,०८,३०६ गाड्या बोलावल्या ऑगस्ट २०२३ मध्ये. त्या जून २०२१ ते जून २०२३ या दोन वर्षांत बनलेल्या होत्या. काही दोष दोन वर्षांनीच तोंड वर काढतात. थांबण्यानं धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून गाडी कुठल्याही वर्षातली असो, चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून ती परत बोलावलेल्यांत आहे का ते वर्षातून एकदा पाहावं.

भाच्यानं एक प्रश्न बरोबर विचारला. "मामा, सगळेच थांबले तर दोष कळणार कसे?" खरं आहे, कोणीतरी पहिलं असावंच लागतं. पण ते कोणी असावं? ज्याच्या अंगणात दुसरी गाडी उभी आहे त्यानं. ज्याचं घर सर्व्हिस सेंटरपासून दोन किलोमीटरवर आहे त्यानं. ज्याला नव्याची हौस आहे आणि गाडी चार दिवस बंद पडली तर ज्याचं काही अडत नाही त्यानं. सात वर्षांचं कर्ज काढून एकच गाडी घेणाऱ्यानं, जिच्यातून आजारी माणूस न्यायचा आहे किंवा जिच्यावर नोकरी अवलंबून आहे, त्यानं हा मान दुसऱ्याला द्यावा.

आणि कंपन्यांनाही एक सांगणं आहे. पहिल्या वर्षाचा ग्राहक तुमची उरलेली चाचणी स्वतःच्या पैशानं करून देतो. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनं सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला, ते चांगलंच झालं. पण गाडी तेवीस दिवस तुमच्याकडे पडून राहिली तर तेवढे दिवस वापरायला दुसरी गाडी द्या, आणि पहिल्या वर्षाच्या ग्राहकाला वाढीव वॉरंटी फुकट द्या. नव्या गाडीच्या जाहिरातीवर खर्च करता, त्यातला थोडा सुट्या भागांवर करा आणि पहिल्या दिवसापासून ते गोव्यात ठेवा. हे उपकार नव्हेत, मजुरी आहे.

आई २०१६ मध्ये गेली. ती गाडी मी अजून वापरतो. खरं सांगायचं तर भाग बदलल्यानंतर तिनं एकदाही दगा दिला नाही. वाईट गाडी नव्हतीच ती, फक्त मुरायची होती.

काल पुन्हा भाच्याचा फोन आला. त्याच्या घरी वडिलांचे गुडघे गेलेत आणि गाडी एकच असणार आहे, हे त्यालाही पटलं असावं. बुकिंग पुढच्या दसऱ्यापर्यंत ढकलतो म्हणाला. बहीण अजून बोलत नाही. शेजाऱ्यांची नवी गाडी तिच्या खिडकीतून दिसते, त्याला माझा इलाज नाही. पण या पावसात ती गाडी कशी चालते ते जरा बघून ठेव, एवढं मी तिला भाच्याकरवी सांगितलंय.