मेडिकलवरचा 'असिस्टंट': काम रोजचं, पण कायद्यात जागा किती?

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं धावडा घ्या, किंवा आठवडी बाजाराचं दुसरं कुठलंही गाव. बारावी झालेला मुलगा सध्या काय करतो असं विचारलं, तर 'मेडिकलवर कामाला आहे' हे उत्तर बऱ्याचदा मिळतं. काम सावलीतलं, कपडे स्वच्छ आणि चार लोकांत मान. दोन वर्षांत कोणती गोळी कोणत्या खणात आहे हे त्याला तोंडपाठ होतं. गावातले लोक त्यालाच 'डोकं दुखतंय, काहीतरी दे' असं म्हणू लागतात.

अडचण इथेच सुरू होते. अनुभव कितीही असला तरी चिठ्ठीवरचं औषध स्वतःच्या जबाबदारीवर देण्याचा अधिकार त्याला कायद्यानं नाही. मग हा 'असिस्टंट' नेमका कोण? त्यानं काय करायचं, काय नाही? आणि फार्मासिस्ट व्हायचं असेल तर रस्ता कोणता?

कायदा काय सांगतो?

फार्मसी कायदा १९४८ चा आहे. त्याचं कलम ४२ म्हणतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करणं, मिसळणं किंवा रुग्णाला देणं हे काम फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टनं करायचं. नियम मोडला तर कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. औषध नियमावली १९४५ मधला नियम ६५ म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं गेलं पाहिजे.

असिस्टंटची सगळी जागा 'प्रत्यक्ष देखरेख' या दोन शब्दांत आहे. फार्मासिस्ट दुकानात हजर असेल तर असिस्टंट हा त्याचा हात. फार्मासिस्ट नुसताच भिंतीवरच्या फ्रेममध्ये असेल, तर असिस्टंट जे करतो ते बेकायदेशीर ठरतं.

पूर्वी असं नव्हतं. दवाखान्यात औषधाची बाटली भरून तिला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवणारा कंपाउंडर जुन्या पिढीला आठवत असेल. १९४८ च्या कायद्यानं पहिली नोंदवही तयार करताना किमान पाच वर्षं असं काम केलेल्यांना फार्मासिस्ट म्हणून नोंदणीची संधी दिली होती. पण ती एकदाच. आता नुसत्या अनुभवावर फार्मासिस्ट होता येत नाही.

मग असिस्टंट दिवसभर काय करतो?

खरं तर दुकानाचा बराचसा गाडा तोच ओढतो.

• माल उतरवणं: स्टॉकिस्टकडून आलेलं बिल आणि प्रत्यक्ष माल जुळवणं, प्रत्येक औषधाचा बॅच क्रमांक आणि मुदत तपासणं.

• साठवण: मुदत आधी संपणारा माल पुढे लावणं. इन्सुलिनसारखी औषधं २ ते ८ अंश तापमानात फ्रिजमध्ये ठेवणं. मराठवाड्यातला उन्हाळा आणि जाणारी लाईट बघता हे काम किरकोळ नाही.

• मुदतबाह्य माल: तो वेगळ्या खोक्यात, विक्रीसाठी नाही असं लिहून ठेवणं आणि परत पाठवणं.

• बिल: बॅच क्रमांक आणि मुदतीसह बिल करणं.

• नोंदवही: 'शेड्यूल एच-१' मधल्या औषधांची वेगळी नोंद असते. त्यात काही ताकदवान अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं आणि सवय लागू शकणारी काही औषधं येतात. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण लिहून ही नोंद तीन वर्षं जपावी लागते.

हे कारकुनी काम वाटतं, पण त्याचं मोल ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात 'कोल्ड्रिफ' हे खोकल्याचं सिरप घेतलेली मुलं दगावली. सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं 'एसआर-१३' या बॅचची विक्री थांबवण्याचा इशारा दिला. असा इशारा आल्यावर ती बॅच कोणत्या खणात आहे आणि कोणाच्या घरी गेली, हे शोधायला नीट केलेलं बिल आणि नीट लावलेला रॅकच उपयोगी पडतो.

काय करू नये?

चिठ्ठीतलं अक्षर लागत नसेल तर अंदाजानं औषध द्यायचं नाही. ब्रँड किंवा ताकद मनानं बदलायची नाही. 'शेड्यूल एच' मधलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, मागणारा ओळखीचा असला तरी.

यामागचं कारण एका औषधावरून कळतं. मेथोट्रेक्सेट ही गोळी संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. 'रोज एक' असं चुकून सांगितलं गेलं, तर ते रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. गोळीचा खण माहीत असणं आणि गोळी माहीत असणं यात एवढं अंतर आहे.

'सर्टिफिकेट भाड्यानं' हा काय प्रकार आहे?

फार्मासिस्टचं नाव परवान्यावर आणि माणूस दुसरीकडेच, हा राज्यातला जुना आजार. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना 'फार्मासिस्ट हजर हवाच' म्हणून राज्यभर मोहीम झाली. केमिस्ट संघटनांनी तिला जोरदार विरोध केला. खेड्यात फार्मासिस्ट मिळत नाहीत आणि त्यांचा पगार परवडत नाही, असं दुकानदार सांगतात. पण यात सगळ्यात उघड्यावर पडतो तो असिस्टंट. पगार मदतनिसाचा, काम फार्मासिस्टचं, आणि चूक झाली तर गावकऱ्यांसमोर तोच उभा.

एक हजारापेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या गावांत काही ठराविक घरगुती औषधं परवान्याशिवाय विकायला नियमांत सूट आहे. धावड्यासारख्या मोठ्या गावाला ती लागू होत नाही.

फार्मासिस्ट व्हायचा रस्ता कोणता?

पहिली पायरी म्हणजे बारावी विज्ञान. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि सोबत जीवशास्त्र किंवा गणित. डी.फार्म. दोन वर्षांचं असतं आणि महाराष्ट्रात त्याचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. बी.फार्म. चार वर्षांचं असून त्यासाठी प्रवेश परीक्षा लागते. डी.फार्म.नंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

पूर्वी यानंतर थेट महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी होत असे. आता मध्ये एक दार आलंय. २०२२ च्या नियमांनुसार डी.फार्म. झालेल्यांना 'एक्झिट एक्झाम' द्यावी लागते. तीन पेपर, बहुपर्यायी प्रश्न, इंग्रजी माध्यम आणि प्रत्येक पेपरमध्ये किमान ५० टक्के गुण. पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. कितीही वेळा देता येते, पण पास झाल्याशिवाय नोंदणी नाही.

ही परीक्षा का आणली, हे कॉलेजांच्या संख्येकडे पाहिलं की समजतं. नवी कॉलेजं पाच वर्षं उघडू नयेत, असं फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं २०१९ मध्ये ठरवलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ही बंदी टिकली नाही. त्यानंतर राज्यात कॉलेजं झपाट्यानं वाढली. वर्गात न बसता मिळालेल्या डिप्लोमाला चाळणी लागावी, हा परीक्षेमागचा हेतू. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मात्र इंग्रजीचा अडसर पार करावा लागणार आहे.

डिप्लोमा शक्य नसेल तर?

कौशल्य विकास योजनांमध्ये 'फार्मसी असिस्टंट'चे अल्प मुदतीचे कोर्स असतात. नोकरीसाठी ते उपयोगी पडतात, पण त्या प्रमाणपत्रावर दुकानाचा परवाना मिळत नाही.

फारसा माहीत नसलेला एक रस्ता घाऊक व्यापाराचा आहे. दहावी पास आणि औषधविक्रीचा चार वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती घाऊक परवान्यासाठी 'सक्षम व्यक्ती' म्हणून चालू शकते. पदवीधराला एक वर्षाचा अनुभव पुरतो. म्हणून मेडिकलवर काम करणाऱ्यानं अनुभवाचं लेखी पत्र आणि पगाराची नोंद मागून घेतलेली बरी. तोंडी अनुभव कागदावर शून्य असतो.

डी.फार्म. किंवा बी.फार्म. करून नोंदणी झाली, तर जिल्हा परिषदेच्या 'औषध निर्माण अधिकारी' पदाची वाट मोकळी होते. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत हे पद होतं. जनऔषधी केंद्रालाही नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच.

फी भरण्याआधी काय तपासावं?

कॉलेजला त्या वर्षासाठी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, रोज प्रॅक्टिकल होतात का, आणि तिथली किती मुलं एक्झिट एक्झाम पास झाली. 'हजेरीची काळजी करू नका' असं सांगणारं कॉलेज पाहिजे की नको, याचा विचार तिथेच करावा. कारण ती हजेरी पुढे परीक्षेत मागितली जाते, आणि त्यानंतर काउंटरवर.