शून्याच्या हिशेबात बाई कुठे?



२०२७ पर्यंत कुष्ठरोगाचा प्रसार शून्यावर आणायचा, असं केंद्र सरकारचा २०२३ ते २०२७ चा आराखडा सांगतो. उद्दिष्टाशी माझं भांडण नाही. पण असा विजय आपण एकदा ऐकला आहे. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले, म्हणून ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ या अर्थाने कुष्ठरोग संपल्याचं जाहीर झालं. खाली आला होता तो नोंदवहीतला आकडा. पुढे घरोघरचा शोध थंडावला. आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले आहेत.

नोंदवहीबाहेर कोण राहतं? चट्टा सहसा दुखत नाही, खाजत नाही. तो पाठीवर किंवा मांडीवर असेल तर पुरुष कर्मचाऱ्याला दाखवायचा कसा? घरी कळलं तर नांदवतील का? बाई गप्प राहते. तोवर नसा निकामी होतात, बधिर बोटं चुलीवर भाजतात. खरं तर औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. सहा महिने किंवा वर्षभर घेतलं की रोग बरा होतो, वेळेवर घेतलं तर व्यंगही टळतं.

कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात होतं. त्या वर्षी ते पाच कायद्यांतून काढलं. चांगलं झालं. पण बायकोला माहेरी धाडायला आपल्याकडे कायदा लागतोच कुठे? टाकलेल्या बाईला पोटगी आणि घरातला हक्क मिळवून देणं, हे आराखड्यातलं नसलं तरी आपलं काम आहेच.

आणि शोध घेणार कोण? दारोदार फिरते ती आशा. तिला सरकार ‘स्वयंसेविका’ म्हणतं, पगार देत नाही, कामागणिक मोबदला देतं. राष्ट्रीय उद्दिष्टाचं ओझं बाईच्या डोक्यावर, तेही बिनपगारी.

म्हणून मला वाटतं, आपल्या गटांनी तीन मागण्या लावून धराव्यात. बायकांची तपासणी बाईनेच, आडोशाला करावी. निदान होतानाच व्यंग आलेल्या बायकांचा आकडा दर जिल्ह्यात वेगळा जाहीर व्हावा. उशीर किती झाला ते त्यातूनच कळेल. आशांना कर्मचाऱ्याचा दर्जा आणि पगार मिळावा.

पुढच्या बैठकीत चट्ट्याबद्दल मोकळेपणी बोला. आपल्यातली एखादी ते ऐकायची वाट पाहत असेल.