अडीच किलोचा हिशेब

जन्माच्या वेळी अडीच किलोहून कमी भरलेले मूल ‘कमी वजनाचे’, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वजनाची नोंद असलेल्या बालकांपैकी सुमारे १८ टक्के या रेषेखाली होती. या आकड्याने राज्यकर्त्यांची झोप उडत नाही. मूल जगले आणि घरी गेले की शासनाच्या लेखी प्रश्न मिटतो. वस्तुतः तो तेथूनच सुरू होतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा चिकाटीने माग काढला. १९८७ ते १९८९ या काळात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बालकांचा त्यांनी अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता सर्वसाधारण मर्यादेत होती. तथापि पुरेशा वजनाने जन्मलेल्यांहून ती कमी भरली. लेखनात व गणितात अडचणी आढळल्या. अपुऱ्या दिवसांची आणि त्या दिवसांच्या मानानेही लहान, म्हणजे गर्भातच वाढ खुंटलेली मुले सर्वांत मागे राहिली.

यावरून ‘गरिबाचे पोर जात्याच मठ्ठ’ असा निष्कर्ष काढणारे महाभाग निघतीलच. त्यांना एवढेच सांगावे की, याच अभ्यासात आईच्या शिक्षणाचा मुलाच्या बुद्धिमत्तेवर ठळक प्रभाव दिसला. जे आईच्या शाळेने बदलते ते विधिलिखित कसे?

मग मूल लहान का जन्मते? आजार, रक्तदाब, जुळी गर्भधारणा ही कारणे आहेतच. पण १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. गरोदरपणी पालेभाज्या, फळे व दूध अधिक मिळालेल्या स्त्रियांची मुले थोराड होती. शेतात आणि घरात अधिक राबणाऱ्या स्त्रियांची लहान. तेव्हा आईच्या ‘अज्ञाना’वर प्रवचने झोडणाऱ्यांनी आधी तिच्या ताटाकडे आणि डोक्यावरच्या हंड्याकडे पाहावे!

विश्रांतीचा हक्क मात्र वर्ग पाहून वाटला जातो. संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ साली २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ती योग्यच आहे. पण उसाच्या फडातील, वीटभट्टीवरील, दुसऱ्याच्या बांधावरील स्त्रीचे काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने त्याचे पाच हजार केले आणि तेही पहिल्या अपत्यापुरते. पुढे दुसऱ्या अपत्याची भर पडली, पण ती मुलगी असेल तरच. दुसऱ्या मुलाच्या आईला भूक लागत नाही काय?

आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. असंघटित स्त्रीला प्रत्येक बाळंतपणात किमान वेतनाइतक्या भरपाईसह रजा मिळाली पाहिजे. कमी वजनाच्या प्रत्येक मुलाची वाढ, दृष्टी, श्रवण व शिक्षण यांची तपासणी घरी जाण्याच्या दिवसापासून शाळा संपेपर्यंत, सरकारी खर्चाने झाली पाहिजे. आणि मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ ठरवण्याऐवजी वेगळी मदत मिळाली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या अंगणवाडीतील वजनांची नोंदवही उघडून पाहावी. तीत मुलांच्या वजनाबरोबर गावाच्या मजुरीचा दरही लिहिलेला असतो. तो वाचता आला पाहिजे, आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवला पाहिजे.